दोन काड्यांचा बिल्ला

आमच्या घरात मिरवण्यासारखी वस्तू एकच होती, आणि तीही बाबा दंडावर बांधून कामावर घेऊन जायचे. नागपूर स्टेशनावरच्या कुलीचा पितळी बिल्ला.

बाकी सांगण्यासारखं काही नव्हतं. रामटेकच्या अलीकडे एका खेड्यात दोन खोल्या, त्यातली एक पावसाळ्यात आमची नसायची, पाण्याची असायची. आई लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला, म्हणजे भात लावायला जायची. मला आणि धाकट्या बहिणीला मिळून चपलांचा एक जोड होता. तिची शाळा सकाळची, माझी दुपारची, म्हणून जमलं. शाळेच्या फाटकाशी ती चपला काढायची, मी घालायची, आणि गुरुजी म्हणायचे, "झाली का गाडी बदलून?"

मग लोकांच्या बॅगांना चाकं लागली. बाबा रात्री स्टेशनावरच झोपायचे; गावी आले की ओट्यावर बसून सांगायचे, "आता सामान आपल्या पायानं चालते, अन् मानूस मोबाईल पाहत त्याच्या मांगं जाते. आमाले कोन हाका मारते?" जेवणात भाजी रोज असायची ती एक दिवसाआड झाली. तरी मी बारावी झाले तेव्हा बाबा म्हणाले, "शिक पुढं. डोक्यातल्या सामानाले चाकं नाही लागत."

त्यांच्या त्या शब्दावर मी कॉलेजसाठी नागपूरला आले आणि सक्करदऱ्यात खोली बघायला गेले. तिथं काकाजी भेटले.

काकाजी म्हणजे घरमालक. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, अंगानं काडीसारखे, खाकी हाफपँटीत. फाटक दोरीनं बांधलेलं होतं. मी बाहेर, ते आत. मी म्हटलं, "खोली आहे का जी?"

"आहे. सोडव गाठ अन् ये आत."

मी लहानपणापासून गवताचे भारे बांधलेत, सोडवलेत. गाठ सोडवली आणि आत गेले. त्यांनी डावा हात पुढं केला. मी बघतच राहिले. माझ्या गावात डावा हात पुढं केला तर समोरचा दोन पावलं मागं सरकतो.

"घाबरू नको वं. स्काउट डाव्या हातानं हात मिळवते. डावा हात काळजाच्या बाजूचा." मग आत तोंड करून ओरडले, "अवं, ऐकलं का? पोरगी गाठीत पास झाली. खोली दिली."

आतून काकू म्हणाल्या, "भाडं विचारलं का तिले, की नुसतंच पास केलं?"

काकू म्हणजे जगातली सगळ्यात सहनशील बाई. त्यांच्या नवऱ्याला जुने स्काउटचे बिल्ले जमवायचा नाद होता. नाद हा शब्द कमी पडतो. कापडी, पितळी, इनॅमलचे, कुठल्या कुठल्या संस्थानाच्या काळातले, शाळांच्या पथकनायकांचे, वर्गप्रमुखांचे, छातीचे, बाहीचे, टोपीचे. कबाडीवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की जुन्या खाकी शर्टाचं गाठोडं आलं तर आधी त्यांना फोन करायचा. फोन आला की जेवणावरून उठून सायकल काढायचे.

भिंतीला ओल होती आणि कापडी बिल्ल्यांना ओल चालत नाही, म्हणून त्यांनी ते सगळे मच्छरदाणीला पिनांनी लावले होते. रात्री झोपायचे त्यांच्याखालीच. काकू सांगायच्या, "बाकीच्या बाया चांदण्या पाहतात. मी तंबू ठोकनाऱ्याचा बिल्ला पाहतो. परवा एक पिन निसटली ना बाई, सरळ कानात." पितळेचे बिल्ले घासायला चिंच लागायची. त्या घरातल्या वरणात मी चिंच कधी चाखली नाही.

मोबाईलवर त्यांचा बिल्लेवाल्यांचा ग्रुपही होता. कोणी दूरगावचा नवा बिल्ला जुना म्हणून पाठवायचा. कुरिअर आलं की काकाजी आधी नाकाला लावायचे. एकदा माझ्या नाकाखाली धरला. "घे वास. काय येऊन राहिलं?"

"चहा."

"चहात बुडवून जुना केला चोट्ट्यानं. अन् चहाही घरचाच. अद्रक टाकलेला."

इतके बिल्ले, पण काकाजींच्या अंगावर मी एकही कधी पाहिला नाही. शर्ट कोरा. स्वातंत्र्यदिनी गल्लीतली पोरं त्यांना म्हणायची, आजोबा एक तरी लावा. ते म्हणायचे, "ठेवायचा तो विकत घेता येते. लावायचा तो कमवा लागते." आणि त्यांनी एकही कमावला नव्हता.

ती गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि नंतर जवळजवळ दर आठवड्याला. शाळेत असताना रामटेकच्या पायथ्याशी कॅम्प होता. परीक्षा होती उघड्यावर विस्तव पेटवायची. नियम एकच, काड्या दोन. तिसरी मागायची नाही. काकाजींची पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी पेटली, गवताला टेकणार, तेवढ्यात त्यांना शिंक आली.

"शिंक?"

"हो ना. माह्याच शिंकेनं माही काडी विझली. सर म्हणाले, जा, भांडे घास. माह्या बाजूच्यानं पहिल्याच काडीत पेटवला. तो आता इतवारीत फटाके विकते."

पुढं कबाडीतून तोच बिल्ला मिळाला, त्याच काळातला, हिरव्या कापडावर पिवळ्या धाग्याचा. मच्छरदाणीत बरोबर डोक्यावर लावला होता. रोज डोळे उघडले की तो दिसायचा. सत्तरी उलटली तरी त्यांची एकच इच्छा होती, रीतसर परीक्षा देऊन तो अंगावर लावायचा.

मी म्हटलं, "मग द्या ना जी. गवत आहे, काड्या आहेत."

अडचण अशी होती की एकटे असले की काकाजी एका काडीत पेटवायचे. समोर कोणी उभं राहून बघायला लागलं की नाकात वळवळ सुरू व्हायची. दुसरी अडचण परीक्षकाची. काकाजींच्या मते परीक्षकाच्या अंगावर स्वतः कमावलेला बिल्ला पाहिजे. एका जुन्या स्काउटमास्तरांना त्यांनी बोलावलंही होतं. दोन्ही काड्या विझल्या, तरी मास्तर म्हणाले, "पेटल्यासारखंच आहे, झालं, पास." काकाजींनी त्यांना चहा पाजला, रिक्षात बसवून दिलं आणि बिल्ला परत मच्छरदाणीला लावला. "मले दया नाही पाहिजे. मले पास पाहिजे."

तोवर सराव म्हणून घरात सगळं दोन काड्यांत चालायचं. गॅस दोन काड्यांत, उदबत्ती दोन काड्यांत. नाही पेटलं तर त्या वेळचा चहा नाही. काकूंनी लायटर तांदळाच्या डब्यात लपवला होता. काकाजी बाहेर गेले की त्या तांदळात हात घालायच्या.

शिटीचं सांगायचं राहिलं. काकाजींच्या गळ्यात शिटी असायची. एक लांब म्हणजे नळ आला. दोन आखूड म्हणजे चहा. तीन म्हणजे सगळ्यांनी अंगणात या. वरच्या खोलीत हिंगण्याच्या कंपनीत रात्रपाळी करणारा एक भाडेकरू होता, तो दिवसा झोपायचा. शिटी झाली की चादर गुंडाळून जिन्यात उभा. "काकाजी, आत्ताच डोळा लागला होता ना जी."

"नळ आला."

"मले नळ नाही पाहिजे, झोप पाहिजे."

"स्काउट नेहमी तयार असते."

"मी स्काउट नाही जी. मी फिटर आहो."

आणि फाटकाची ती दोरी. काकाजींचा कुलपावर विश्वास नव्हता. ज्याला गाठ सुटते तो आपला माणूस, असा हिशेब. त्यामुळं सिलिंडरवाला भिंतीवरून सिलिंडर द्यायचा. कुहीहून त्यांची सख्खी बहीण आली ती दुपारपर्यंत बाहेरच पिशवीवर बसून होती, कारण काकाजी आंघोळीला गेले होते आणि नंतर विसरले. एकदा चोर येऊन गेला असावा. सकाळी फाटक होतं तिथंच होतं. दोरी चोरीला गेली होती.

तर एका रविवारी माझे बाबा मला भेटायला आले. स्टेशनावरून थेट, लाल शर्ट, दंडावर बिल्ला. मी फाटकाची गाठ सोडली. काकाजी ओट्यावर चिंच आणि पितळ घेऊन बसले होते. बाबांनी हात जोडले. काकाजी उठले, त्यांची नजर दंडावर गेली, आणि त्यांनी टाच आपटून तीन बोटांचा सलाम ठोकला. मग डावा हात पुढं केला.

बाबांचा चेहरा बदलला. स्टेशनावर लोक पैसे जमिनीवर टाकतात तेसुद्धा ते उचलत नाहीत, इतका ताठा आहे त्यांना. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "हा मानूस डावा हात काहून देऊन राहिला मले? कुली आहो म्हनून?"

मी घाईघाईनं काळजाची बाजू समजावली. बाबांनी विचार केला आणि मग डाव्या हातानं असा हात मिळवला की काकाजी एका बाजूला झुकले. (पुढं बाबा स्टेशनावरही डावा हात द्यायला लागले. एक प्रवासी भांडला. बाबांनी त्याला काळजाची बाजू समजावली.)

काकाजी म्हणाले, "दादा, हा बिल्ला कसा भेटला तुम्हाले?"

"इकाचा नाही, कितीही पैसे द्या," बाबा म्हणाले आणि बिल्ल्यावर हात ठेवला.

"मी मागितला का? कसा भेटला म्हणतो."

"ओझं उचलून चालून दाखवलं साहेबापुढं. तवा भेटला."

"कोणी मदत केली?"

"ओझ्याले कोन मदत करते जी?"

काकाजींनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी वर आभाळाकडं पाहिलं. मला कळलं आता काय होणार.

शिटी तीनदा वाजली. फिटर चादर घेऊन आला. अंगणात विटा मांडल्या, गवत, काटक्या, वर लाकूड. काकाजींनी बाबांना नियम सांगितला. बाबांनी तो दोनदा विचारून पक्का करून घेतला, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लावा."

पहिली काडी विझली. दुसरी पेटली. काकाजी वाकले, त्यांचं नाक हललं, डोळे मिटले, आणि शिंक आली. काडी तर विझलीच, गवतही उडालं.

काकू मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "तुह्या बापाले सांग वं, पास म्हण म्हणा. सुटू दे मले एकदाची."

बाबा म्हणाले, "नापास."

कॉलेजची परीक्षा तोंडावर होती, एवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळणार नव्हती. मी बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, ते घरमालक आहेत."

"घर त्याहीचं. परीक्षा माही."

"ते मला काढतील ना."

"काढू दे. पेटलं नाही ते पेटलं कसं म्हनू?"

मी वळून पाहिलं तर काकाजी तसेच उकिडवे बसलेले, नाक पुसत, आणि चेहरा असा खुललेला की जणू लॉटरी लागली. "पाहिलं?" काकूंना म्हणाले, "पाहिलं का तू? याले म्हणतात परीक्षक. सरळ नापास." मग दोघं चहा पीत पितळ कशानं घासावं यावर भांडत बसले. बाबा म्हणत राख, काकाजी म्हणत चिंच. बाबांची गावी जायची संध्याकाळची गाडी चुकली तरी मिटलं नाही.

त्यानंतर बाबा आले की परीक्षा ठरलेली. दिवाळीला नापास. संक्रांतीला नापास, त्या दिवशी तर तीळ नाकात गेला असं काकाजींचं म्हणणं होतं, पण बाबांनी ऐकलं नाही. उन्हाळ्यात एकदा जवळजवळ जमलं होतं. फिटरनं आनंदानं टाळी वाजवली आणि त्या वाऱ्यानं विझलं.

दुसऱ्या वर्षी मी कॉस्टिंगमध्ये, म्हणजे खर्चाच्या हिशेबाच्या पेपरात, नापास झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी पहिली मी आणि कॉलेजात नापास होणारीही पहिलीच मी. पुन्हा परीक्षेला बसले, पुन्हा राहिले. गावी काय तोंड दाखवू म्हणून जिन्यात बसले होते. काकाजी आले, शेजारी बसले.

"कितव्या काडीले गेला पेपर?"

"दुसऱ्या."

त्यांनी मला तीन बोटांचा सलाम केला. "शाबास. आता तुले समजलं." मग आत ओरडले, "अवं, शिरा कर. पोरगी नापास झाली."

काकूंनी खरंच शिरा केला. खाताना काकाजी म्हणाले, "हे पाह्य. तू तुहा पेपर काढ, मी माही काडी काढतो. जो आधी काढते त्यानं दुसऱ्याले हसायचं नाही."

"तुमचं तर काकाजी साठ वर्षांपासून चाललं आहे."

"म्हणून तर सांगतो. घाई करू नको, पण सोडू नको."

मी सोडलं नाही. त्यांच्या अंगणात बसून मी कॉस्टिंग केलं, आणि माझ्या समोर बसून ते काड्या ओढत राहिले, कोणी बघत असताना पेटवायची सवय व्हावी म्हणून. मी गणितातून डोकं वर काढलं की शिंक. त्या महिन्यांत गल्लीतला किराणावाला काकाजींना बघून माचीसचा पुडाच काढून ठेवायचा.

निकाल लागला तेव्हा वेबसाइट अडकली. फिटरच्या मोबाईलवर उघडली. मी सगळ्या विषयांत पास. बी.कॉम. मी बाबांना फोन केला. पलीकडं गाडीची घोषणा चालू होती. ते म्हणाले, "थांब, एक बॅग आली," आणि फोन ठेवला. बॅग कसली आली असणार. नाक शिंकरल्याचा आवाज मी ऐकला होता.

रविवारी ते आईला आणि बहिणीला घेऊन आले. आईनं पिशवीभर वांगी आणली होती. काकाजींच्या अंगणात रोडग्यांचा बेत ठरला. कणकेचे गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत भाजायचे, त्याला दुसरी युक्ती नाही. म्हणजे विस्तव पाहिजे. कोण पेटवणार हे कोणी विचारलंही नाही.

काकाजींनी गोवऱ्या पहाटेच रचल्या होत्या. कोणाला हात लावू दिला नाही. बाबा कंबरेवर हात ठेवून उभे. आई माझ्या कानात म्हणाली, "हे नाही पेटलं तं आपन जेवाचं का?"

मी म्हटलं, "नाही."

"अरे बाप्पा."

पहिली काडी ओढली आणि तिचं मुंडकंच उडून वाळत घातलेल्या पापडांत पडलं. फिटर म्हणाला, "ही धरायची नाही जी, ही कंपनीची चूक आहे."

काकाजी म्हणाले, "धरायची."

बाबा म्हणाले, "धरली."

दुसरी काडी पेटली. काकाजींनी हाताचा आडोसा केला, वाकले, आणि त्यांचं नाक हललं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. तेवढ्यात काकू उठल्या, दोरीवरच्या पेटीकोटाचा चिमटा काढला आणि नवऱ्याच्या नाकाला लावला.

पेटीकोट खाली पडला. काकाजी तसेच, चिमट्यासकट, काडी धरून बाबांकडं पाहत राहिले. काडीचा जाळ बोटाकडं सरकत होता.

"परीक्षक," नाकातून आवाज आला, "हे चालते का?"

बाबांनी विचार केला. आयुष्यात मी त्यांना इतक्या भरकन विचार करताना पाहिलं नाही. "नियम काड्याइचा आहे. नाकाचा नाही. चालते."

काकाजींनी काडी गवताला टेकवली. धूर आला. फिटरनं दोन्ही हात चादरीत कोंबले. गवत तडतडलं, काटकी धरली. काकू म्हणाल्या, "पेटलं."

बाबा म्हणाले, "अजून नाही."

एक गोवरी कडेनं लाल झाली. आई म्हणाली, "आता तं पेटलं ना जी."

"अजून नाही."

बाबा वाकून बघत राहिले. मधली गोवरी धुमसली, मग तिच्या पोटातून जाळ निघाला आणि सगळ्यांनी चेहरे मागं घेतले. बाबा सरळ झाले.

"पास."

काकाजींनी चिमटा काढला आणि मग मात्र शिंकले, लागोपाठ, साठ वर्षांच्या राहिलेल्या शिंका. विस्तवाला काही झालं नाही.

काकू मच्छरदाणीवरून तो हिरवा बिल्ला घेऊन आल्या आणि बाबांच्या हातात दिला. नियमानं तो डाव्या बाहीवर लावायचा असतो. टाकाभर इकडं तिकडं झाला तरी काकाजी लोकांना फोन करून सुनावायचे. बाबांना ते काय माहीत. त्यांनी आईच्या पिशवीची नाडी काढली आणि बिल्ला काकाजींच्या उजव्या दंडावर बांधला, घट्ट, दोन गाठी मारून, कारण त्यांचा स्वतःचा तिथंच असतो. मी सांगायला तोंड उघडलं. काकाजींनी मला डोळ्यानं गप्प केलं.

"परीक्षकानं बांधला तिथं," ते म्हणाले.

बाबांनी डावा हात पुढं केला. काकाजींनी डाव्या हातानं तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आईनं रोडगे आरात सोडले.

काकाजींनी तो बिल्ला पुढं कायम उजव्या दंडावरच लावला. ग्रुपवर कोणी चूक काढली की ते उत्तर द्यायचे नाहीत. मी आज एका कंपनीत हिशेब बघते, आणि कॉस्टिंगही मीच बघते.

तर त्या आठवड्यात एवढं झालं. काकाजींनी दोन काड्यांत विस्तव पेटवला. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट झाले.